पोनी सिलिंडर पाठीवर बांधायचा की कुशीला: मापं, जुळणी आणि तपासण्या

स्कूबा डायव्हिंगमधे, मुख्य सिलिंडरशी कसलाही संबंध नसलेला, स्वतःचा व्हॉल्व्ह, स्वतःचा रेग्युलेटर आणि स्वतःचा गेज असलेला छोटा सिलिंडर म्हणजे पोनी. मुख्य रेग्युलेटर अडला, नळी फुटली किंवा हवा संपली आणि नेमका तेव्हा जोडीदार हाताच्या अंतरावर नसला, तर शांतपणे वर येता यावं एवढंच त्याचं काम. ऑक्टोपस, म्हणजे तोंडात घ्यायचा जादा रेग्युलेटर, हा त्याला पर्याय नाही. तो त्याच सिलिंडरच्या त्याच फर्स्ट स्टेजवर (रेग्युलेटरच्या व्हॉल्व्हवर बसणाऱ्या भागावर) बसलेला असतो, त्यामुळे मुख्य गेला की तोही गेला.

मालवण-तारकर्लीला इन्स्ट्रक्टर धरून नेतो तशा सहा-आठ मीटरच्या डाइव्हला पोनी लागत नाही. तिथे मान वर केली की पृष्ठभाग दिसतो. गरज पडते ती १८ मीटरच्या खाली जाणाऱ्यांना, गढूळ पाण्यात जोडीदार वारंवार दिसेनासा होतो तिथे, आणि फोटो काढणाऱ्यांना, कारण फोटोवाल्याचा जोडीदार बहुतेक वेळ नावापुरताच असतो. पुण्यातल्या डायव्हरला एक सोय आहे: पावसाळ्यात कोकणातलं डायव्हिंग बंद असतं. ते महिने रिग बांधायला आणि पोहण्याच्या तलावात घोटून घ्यायला वापरले, तर ऑक्टोबरनंतर बोटीवर पहिल्यांदाच क्लिप शोधत बसावं लागत नाही.

किती मोठा घ्यायचा

ॲल्युमिनियमचे पोनी ६, १३, १९, ३० आणि ४० क्युबिक फुटांचे मिळतात. पूर्ण भरलेले, म्हणजे २०७ बारला, त्यांत अनुक्रमे सुमारे १७०, ३६८, ५३८, ८५० आणि ११३० लिटर हवा असते. यातला कोणता, हे अंदाजाने ठरवू नका. पाच मिनिटांचा हिशेब आहे.

घाबरलेला माणूस मिनिटाला ३० लिटर हवा सहज ओढतो. एरवी तुमचा आकडा १५ असला तरी इथे ३० च धरा. ३० मीटरवर दाब ४ बार. प्रसंग ओळखणं, रेग्युलेटर बदलणं, जोडीदाराला खूण करणं यात एक मिनिट: ३० गुणिले ४, म्हणजे १२० लिटर. मग मिनिटाला ९ मीटर या वेगाने ३० वरून ५ मीटरपर्यंत यायला पावणेतीन मिनिटांच्या वर लागतात, सरासरी दाब २.७५ बार: साधारण २३० लिटर. पाच मीटरवर ३ मिनिटांचा सेफ्टी स्टॉप (वर येताना मधे थांबणं), दीड बारला: १३५ लिटर. शेवटचे पाच मीटर सावकाश, मिनिटभर: ३८. एकूण झाले ५२० च्या पुढे.

म्हणजे कागदावर १९ चा सिलिंडर ३० मीटरला पुरतो. पण तो २०७ बारला भरलेला असेल तरच. पोनी बऱ्याचदा १८० बारच्या आसपास भरून मिळतो, कारण छोटा सिलिंडर भरताना पटकन तापतो आणि गार झाला की दाब उतरतो. १८० ला १९ च्या सिलिंडरात ४७० लिटरसुद्धा नसतात. हाच हिशेब १८ मीटरसाठी मांडला तर ३५० लिटर येतात. १३ चा पूर्ण भरलेला असेल तर जेमतेम भागतं, १८० ला भरलेला असेल तर सेफ्टी स्टॉप अर्धवट सोडावा लागतो.

तेव्हा १८ मीटरपर्यंत १९ चा, ३० मीटरपर्यंत ३० चा आणि त्याखाली ४० चा. ६ चा सिलिंडर दिसायला गोंडस, पण ३० मीटरवर त्यात दीड मिनिटाचीही हवा नसते. हातात मावणारी ३ क्युबिक फुटांची बाटली तर तिथे पाऊण मिनिटात संपते.

एक पक्कं ठेवा: पोनीतली हवा डाइव्हच्या नियोजनात धरायची नाही. ‘पोनी आहे, अजून दहा मिनिटं थांबू’ असा विचार आला, की तो राखीव राहिला नाही.

पाठीवर की कुशीला

पाठीवरची पद्धत अशी: मुख्य सिलिंडरला ब्रॅकेट लावून पोनी त्याच्या उजव्या अंगाला बांधायचा. पुढे काही लोंबत नाही, हात मोकळे राहतात, बोटीवरून उडी मारताना काही आडवं येत नाही. कुशीची पद्धत, म्हणजे स्लिंग: पोनीला दोन बोल्ट स्नॅप (स्प्रिंगच्या खिट्टीचे हुक) बांधून तो डाव्या खांद्याच्या आणि डाव्या कमरेच्या डी-रिंगला अडकवायचा, म्हणजे तो बरगड्यांना समांतर काखेखाली राहतो.

स्वतःचा मुख्य सिलिंडर असेल आणि तोच वापरणार असाल तर पाठीवरचा ब्रॅकेट ठीक आहे. पुण्यातून जाणाऱ्या बहुतेकांचं तसं नसतं. कर्नाटकातलं नेत्राणी बेट असो की अंदमान, सिलिंडर तिथला भाड्याचा, आणि दोन डाइव्हच्या मधे बोटीवर तो बदलायचा. दर वेळी डोलत्या बोटीवर ब्रॅकेट सोडा, नव्या सिलिंडरवर चढवा, बीसीडीच्या, म्हणजे सिलिंडर पाठीवर धरणाऱ्या हवा भरायच्या जॅकेटच्या, पट्ट्यांशी जुळवा. घाईत एक पट्टा ढिला राहतोच. त्याहून मोठी अडचण म्हणजे पाठीवरचा गेज दिसत नाही आणि व्हॉल्व्ह हाताला लागेलच असं नाही. सेकंड स्टेज, म्हणजे रेग्युलेटरचा तोंडात धरायचा भाग, हळूहळू बुडबुडे सोडत असेल तर तुम्हाला पत्ता नसतो; कळतं ते गरज पडते तेव्हा.

म्हणून भाड्याच्या सिलिंडरवर डाइव्ह करणाऱ्याने कुशीलाच बांधावा असं आमचं स्पष्ट मत आहे. नॉब डोळ्यांसमोर, गेज डोळ्यांसमोर, मुख्य सिलिंडर कितीही वेळा बदलला तरी पोनीला हात लावावा लागत नाही. बोटीवर चढण्याआधी दोन स्नॅप काढून तो वरच्या माणसाच्या हातात देता येतो, आणि लाटेत शिडी चढताना तेवढंच आठेक किलोचं ओझं कमी होतं.

सामान

एका स्लिंगला लागतं ते असं: ६ मिलिमीटर जाडीची विणलेली नायलॉन दोरी २ मीटर, ९० ते १०० मिलिमीटर लांबीचे दोन बोल्ट स्नॅप, एक स्टेनलेस होज क्लिप, ३० सेंटिमीटर बागेची किंवा पाण्याची जाड नळी, आणि गाडीची जुनी ट्यूब.

दोरी पुण्याच्या बोहरी आळीत हवी तशी मिळते, पण नायलॉन मागितलं तर पुष्कळदा चकचकीत, कडक प्लॅस्टिकची पिवळी-हिरवी दोरी पुढे येते. ती पॉलिप्रॉपिलीनची असते, पाण्यावर तरंगते, उन्हात कुजते आणि तिच्या गाठी आपोआप सुटतात. मऊ, विणीची, पाण्यात बुडणारी दोरी घ्या. ट्यूब कुठल्याही पंक्चरवाल्याकडे मिळेल; स्कूटरची नको, चारचाकीची घ्या, स्कूटरची एवढ्या घेराला ताणताना हात भरून येतात.

होज क्लिप घेताना तिच्यावरचा ठसा वाचा. डब्ल्यू१ म्हणजे नुसतं जस्त चढवलेलं लोखंड. डब्ल्यू२ म्हणजे पट्टी स्टेनलेस, पण स्क्रू लोखंडी. ही सगळ्यात फसवी, कारण दुकानात चकाकते आणि समुद्रातून आल्यावर थोड्याच दिवसांत स्क्रू गंजून अडकून बसतो. डब्ल्यू४ ला सगळे भाग ३०४ दर्जाच्या स्टेनलेसचे, डब्ल्यू५ ला ३१६ चे. डब्ल्यू५ मिळाली तर उत्तम, नाहीतर डब्ल्यू४. चुंबक लावून बघण्यात अर्थ नाही. ३०४ आणि ३१६ दोन्हींना तो चिकटत नाही, आणि स्वस्तातल्या २०२ लाही नाही. नटबोल्ट लागणार असतील तर त्यांच्या डोक्यावर ए४ असा ठसा हवा. ए२ म्हणजे ३०४.

क्लिपचं माप सिलिंडरच्या व्यासावर. १३ आणि १९ चे साधारण १११ मिलिमीटर, ३० चा सुमारे १२४, ४० चा १३३. खाली रबर येणार, त्यामुळे व्यासात ४-५ मिलिमीटर वाढवून धरा आणि त्या आकड्याच्या दोन्ही बाजूंना जागा असलेली क्लिप घ्या. अगदी शेवटच्या खाचेवर आवळलेली क्लिप टिकत नाही.

बोल्ट स्नॅपवर पैसे वाचवू नका. कुत्र्याच्या पट्ट्याला असतो तसा हुक दिसायला अगदी तसाच, पण तो जस्ताच्या मिश्रधातूचा ओतीव असतो. खाऱ्या पाण्यात त्याची स्प्रिंग आधी मरते, मग खिट्टी उघडी राहते आणि एके दिवशी पोनी कमरेवरून सुटून नुसत्या खांद्यावर लोंबतो. ३१६ स्टेनलेसचे स्नॅप डायव्हिंग किंवा शिडाच्या होड्यांचं सामान विकणाऱ्यांकडे मिळतात. स्प्रिंग बोटाने दाबून बघा. पाण्याने सुरकुतलेल्या अंगठ्यानेही ती दाबता आली पाहिजे.

स्लिंग बांधताना

पहिल्यांदा अंगावर माप घ्या. बीसीडी घालून पुढे वाका, पाण्यात आडवे असता तसे, आणि डाव्या खांद्याची डी-रिंग ते डाव्या कमरेची डी-रिंग हे अंतर दुसऱ्याकडून मोजून घ्या. उभ्याने मोजलं तर चुकतं, कारण बीसीडी खाली सरकलेला असतो. बहुतेकांचं हे अंतर ४० सेंटिमीटरच्या आसपास येतं. तेच तुमच्या दोन स्नॅपमधलं अंतर.

भाड्याच्या जॅकेट बीसीडीवर डी-रिंग प्लॅस्टिकच्या असतात आणि नको तिथे असतात. छातीवरची रिंग फार मधे असेल तर पोनी पोटावर लोळतो. स्टेनलेसची डी-रिंग आणि ती धरून ठेवणारं ५० मिलिमीटर पट्ट्याचं बकल सोबत ठेवा. कमरेच्या पट्ट्यात ओवून दोन मिनिटांत बसते. स्वतःचा बॅकप्लेट-हार्नेस (पाठीवरची पाटी आणि तिचे पट्टे) असेल तर हा प्रश्नच नाही.

आता दोरी दुहेरी करा. दुमडीकडच्या टोकाला सिलिंडरच्या मानेभोवती बसेल एवढा फास लागणार. आधी दोन्ही पदर एका स्नॅपच्या भोकातून ओवा, मग फास व्हॉल्व्हवरून घालून मानेत उतरवा आणि स्नॅप मानेपासून तीन-चार सेंटिमीटरवर राहील अशी साधी गाठ मारा. गाठ स्नॅपच्या दोन्ही बाजूंना हवी, म्हणजे तो सरकत नाही. फास फार सैल ठेवला तर व्हॉल्व्ह काखेपासून लांब जातो आणि पोहताना पोनीचं डोकं खाली लटकतं. फार घट्ट केला तर स्नॅप रिंगपर्यंत पोचत नाही.

गाठीच्या पुढे दोन्ही पदर बागेच्या नळीतून ओवा. ही नळी म्हणजे मूठ. ओला सिलिंडर नुसत्या दोरीने उचलला तर बोटं कापतात. नळी संपली की मोजलेल्या अंतरावर दुसरा स्नॅप ओवा आणि पुन्हा गाठ मारा. उरलेले पदर क्लिपखाली जातील.

क्लिपच्या जागी सिलिंडरभोवती ट्यूबची चार सेंटिमीटर रुंदीची पट्टी एक वेढा गुंडाळा. या पट्टीची दोन कामं आहेत. क्लिप घसरत नाही हे एक, आणि स्टेनलेस थेट ॲल्युमिनियमला लागत नाही हे दुसरं. खाऱ्या पाण्यात हे दोन धातू एकमेकांना लागून राहिले तर झीज ॲल्युमिनियमची होते. रंगाखाली पांढरी भुकटी दिसायला लागली की तीच. क्लिप थोडी आवळा, दोरीचे दोन्ही पदर तिच्याखालून काढा, क्लिपच्या खालच्या बाजूला जाड गाठ मारा म्हणजे ओढलं तरी पदर निसटणार नाहीत. क्लिप अजून पूर्ण आवळू नका.

कारण आता सिलिंडर अंगावर घालून बघायचा. रेग्युलेटर लावा, दोन्ही स्नॅप अडकवा, वाका. व्हॉल्व्हचा नॉब हाताला सरळ लागतो का, फर्स्ट स्टेज बरगडीत रुतत नाही ना, गेज मान न वळवता वाचता येतो का? सिलिंडर स्वतःभोवती थोडा फिरवून ही जागा शोधावी लागते, आणि ती प्रत्येकाची वेगळी. मिळाली की क्लिप घट्ट आवळा, तिचं पुढे आलेलं टोक कापा आणि त्यावर ट्यूबचा तुकडा चढवा. ते टोक पात्यासारखं धारदार असतं. वेटसूट फाडतं, कधी शेजाऱ्याची बीसीडीसुद्धा.

दोरीची टोकं लायटरने वितळवून बंद करा. मग सगळा रिग बादलीत रात्रभर बुडवून ठेवा आणि सकाळी गाठी पुन्हा ओढून घ्या. नायलॉन भिजल्यावर ताणतं, कोरड्यात मारलेली गाठ ओल्यात ढिली पडते. स्नॅप आणि सिलिंडरमधे सगळीकडे दोरी आहे, कुठेही धातूला धातू जोडलेला नाही, हे तपासा. स्नॅप अडकून बसला तर चाकूने कापता आलं पाहिजे.

शेवटी ट्यूबचे तीन सेंटिमीटर रुंदीचे दोन कडे कापून सिलिंडरवर चढवा: एक मानेखाली, एक मधे. नळीची घडी यांच्याखाली सरकते.

रेग्युलेटर आणि गेज

पोनीला जुना, कपाटात पडलेला रेग्युलेटर लावायची पद्धत आहे. जुना चालेल, सर्व्हिस न केलेला चालणार नाही. हा रेग्युलेटर तुम्ही तोंडात घेणार तो दिवस वाईटच असणार. डिन जोडणी (व्हॉल्व्हमधे आट्यांनी बसणारी) असेल तर बरी; यॉकचा, म्हणजे बाहेरून आवळायच्या जोडणीचा, स्क्रू कुशीला पुढे येतो आणि बोटीच्या काठावर आपटतो.

सेकंड स्टेजची नळी स्लिंगसाठी १०० सेंटिमीटरची घ्या आणि मानेमागून उजव्या खांद्यावरून तोंडाशी आणा. सेकंड स्टेज उजवीकडून येणाऱ्या नळीसाठी बनवलेला असतो. डावीकडून थेट आणला तर नळी मुरगळते आणि रेग्युलेटर दातांतून ओढला जातो. तसा आणायचाच असेल तर फिरता कोन लावून छोटी नळी वापरा. डाइव्हभर तो ठेवायचा कुठे यावर डायव्हर हमखास वाद घालतात. कोणी ट्यूबच्या कड्याखाली ठेवतो, कोणी ४ मिलिमीटरच्या इलॅस्टिक दोरीच्या माळेत हनुवटीखाली. आमचा कौल हनुवटीखालच्या बाजूने, कारण तिथून तो न बघता तोंडात येतो. मुख्य ऑक्टोपस मग नेहमीच्या जागी, छातीच्या उजवीकडे.

मुख्य आणि पोनी यांचे सेकंड स्टेज हाताला आणि डोळ्याला वेगळे वाटले पाहिजेत. पोनीची नळी पिवळी ठेवा, माउथपीस वेगळ्या आकाराचं लावा. पृष्ठभागावर बोलता-बोलता चुकीचा रेग्युलेटर तोंडात घेऊन पोनीवरच खाली जाणं, हा या उपकरणातला सगळ्यात ठरलेला अपघात आहे. पंधरा मीटरवर हवा जड यायला लागते, डायव्हर मुख्य गेज बघतो, तो १९० दाखवतो, आणि गोंधळ सुरू होतो. उडी मारण्याआधी मुख्य गेजकडे बघत तीन श्वास घ्या आणि त्याच वेळी पोनीचा काटा हलत नाही ना हे बघा. एवढ्याने हा प्रकार टळतो.

गेज १५ सेंटिमीटरच्या नळीवरचा घ्या. नळीशिवाय थेट बसणारा नाण्याएवढा गेज स्वस्त पडतो, पण २० बारचा फरक त्यावर कळत नाही.

गेजबद्दल आणखी एक. व्हॉल्व्ह उघडून पुन्हा बंद केला तरी काटा २०० वरच राहतो, कारण तो नळीत अडकलेला दाब दाखवतो. म्हणजे बंद सिलिंडरही भरलेला-उघडा दिसतो. खात्री करायची तर श्वास घेताना काट्याकडे बघा. प्रत्येक श्वासाला काटा खाली झुकून परत येत असेल तर व्हॉल्व्ह अर्धवट उघडा आहे. झपाट्याने शून्याकडे गेला तर बंद आहे. व्हॉल्व्ह पूर्ण उघडायचा, पाव फेरा मागे फिरवायचा नाही. त्या पाव फेऱ्यामुळेच पुढे ‘उघडा की बंद’ हा घोळ होतो.

डाइव्हला व्हॉल्व्ह उघडा ठेवायचा की बंद? पाठीवर असेल तर उघडाच, दुसरा मार्ग नाही. कुशीला दोन्ही चालतं. बंद ठेवायचा असेल तर आधी उघडून नळीत दाब भरा आणि मग बंद करा. बिनदाबाची नळी घेऊन खाली गेलात तर बाहेरच्या पाण्याचा दाब सेकंड स्टेजमधून पाणी आत ढकलतो आणि फर्स्ट स्टेजपर्यंत खारं पाणी पोचतं. पोनी केवळ प्रसंगासाठी असेल तर तो उघडा ठेवावा आणि दर काही मिनिटांनी गेजवर नजर टाकावी, हे आम्हाला जास्त पटतं. घाबरलेल्या हाताला एक काम कमी. फ्रीफ्लो, म्हणजे हवा आपोआप वाहत सुटणं, होऊ नये म्हणून सेकंड स्टेजचा लिव्हर ‘प्री-डाइव्ह’ वर ठेवा आणि श्वासाचा स्क्रू असेल तर थोडा आवळा.

पाठीवरच बांधणार असाल तर

ब्रॅकेटचे पट्टे आणि बीसीडीचे पट्टे एकमेकांवर येऊ देऊ नका. एक पट्टा दुसऱ्यावर चढला की दोन्ही ढिले राहतात. नायलॉनचा पट्टा भिजवूनच आवळायचा, कोरडा आवळलेला पाण्यात सैल होतो. पोनीची उंची अशी ठेवा की त्याचा व्हॉल्व्ह मुख्य व्हॉल्व्हच्या खाली राहील, नाहीतर मान मागे केली की डोकं आपटतं. पोनीचा तळही मुख्य सिलिंडरच्या तळाच्या वरच हवा, कारण तो खाली आला तर सिलिंडर बोटीवर उभा ठेवताना सगळा भार पोनीवर पडतो. उजवीकडे वजन वाढतं, त्याला तोड म्हणून डाव्या कमरेला किलोभर शिसं सरकवा. काही जण पोनी उलटा, व्हॉल्व्ह खाली ठेवून बांधतात, म्हणजे नॉब कमरेजवळ हाताला लागतो. कल्पना चांगली आहे, फक्त बसताना आणि ठेवताना फर्स्ट स्टेजवर आघात होतो, तेव्हा त्याला संरक्षक जाळी हवी.

तलावात काय तपासायचं

पाण्यात उतरण्याआधी कोरडी गळती-चाचणी. व्हॉल्व्ह उघडा, बंद करा, काट्याची जागा लक्षात ठेवा आणि १५ मिनिटं थांबा. नळीत हवा अगदी थोडी असल्याने बारीकशी गळतीही काट्यावर लगेच दिसते. काटा उतरला तर जोडणीच्या ओ-रिंगपासून (गोल रबरी वॉशरपासून) सुरुवात करा, कारण बहुतेकदा तीच दोषी असते. नंतर सगळं पाण्यात धरून बुडबुडे कुठून येतात ते बघा. व्हॉल्व्ह उघडा असताना सेकंड स्टेज पंधरा-वीस सेकंदांनी एकदा ‘फुस्स’ करत असेल, तर फर्स्ट स्टेजच्या सीटमधून दाब वर चढतोय. मधल्या नळीतला दाब बाहेरच्यापेक्षा ९-१० बार जास्त राहायला हवा आणि तिथेच थांबायला हवा. तो चढतच राहिला तर रेग्युलेटर सर्व्हिसला द्या. स्क्रू फिरवून दाबून टाकू नका.

मग वजन. १९ च्या सिलिंडरातली हवा साधारण ६५० ग्रॅम, ३० च्यातली किलोभर, ४० च्यातली १.३ किलोच्या पुढे. ॲल्युमिनियमचा पोनी रिकामा होत आला की शेपूट वर उचलतो. त्यामुळे वजनाची तपासणी पोनी जवळजवळ रिकामा ठेवून, सेफ्टी स्टॉपच्या खोलीवर थांबता येतं का, अशी करा. तलावातला आकडा समुद्रात तसाच नेऊ नका. खारं पाणी सुमारे अडीच टक्क्यांनी जड असतं, म्हणजे सामानासकट १०० किलोच्या माणसाला तिथे अडीच किलो जास्त शिसं लागतं.

आणि सराव. डोळे मिटून, मुख्य रेग्युलेटर तोंडातून काढा, पोनीचा घ्या, आधी श्वास सोडा म्हणजे आतलं पाणी जाईल, मग ओढा, गेज बघा, जोडीदाराला खूण करा. हे उथळ पाण्यात एका जागी जमलं की पोहताना करा, मग मास्क काढून. जोडीदाराला, तुम्हाला न सांगता, व्हॉल्व्ह बंद करायला लावा आणि नॉब किती वेळात सापडतो बघा. पहिली काही सत्रं इन्स्ट्रक्टर सोबत घेऊनच करा. स्नॅप काढून सिलिंडर दुसऱ्याला देणं आणि परत लावणंही घोटा. खालचा स्नॅप आधी काढला तर सिलिंडर खांद्यावर लोंबत राहतो आणि दोन्ही हात मोकळे होतात. वरचा आधी काढला तर व्हॉल्व्हसकट डोकं गुडघ्यावर येऊन आदळतं.

भरणं आणि नेणं

श्वासाच्या दर्जाची हवा देणाऱ्या कॉम्प्रेसरवरूनच भरा. भोसरी-चाकणच्या कारखान्यांत दाबाच्या हवेला तोटा नाही, पण तिच्यात तेलाचा अंश आणि कार्बन मोनॉक्साइड असू शकतो. दहा मीटरवर त्याचा परिणाम दुप्पट होतो. अग्निशमनवाल्यांच्या सेटमधला जुना कॉम्पोझिट सिलिंडर पोनी म्हणून विकायला आला तर घेऊ नका. तो पाण्याखालच्या वापरासाठी नसतो आणि बुचासारखा वर येतो.

भारतात सिलिंडर ‘गॅस सिलिंडर्स रूल्स, २०१६’ खाली येतात आणि त्यांची मान्यता नागपूरला मुख्यालय असलेल्या पेसो या केंद्र सरकारच्या सुरक्षा संस्थेकडून लागते. परदेशातून सामानात आणलेल्या सिलिंडरला ही मान्यता नसेल तर भरून देणारा तो परत करेल, आणि ते बरोबरच आहे. विकत घेण्याआधी खांद्यावर ठोकलेले आकडे वाचा: कामाचा दाब, शेवटच्या हायड्रो टेस्टचा (पाण्याच्या दाबाने घेतलेल्या चाचणीचा) महिना आणि वर्ष. टेस्टची मुदत उलटलेला सिलिंडर स्वस्त मिळतो, मग टेस्टचा खर्च आणि धावपळ धरून महाग पडतो.

भरताना सावकाश भरायला सांगा, गार झाल्यावर दाब पुन्हा मोजा, आणि मानेजवळ चिकटपट्टीवर आत काय आहे, किती बार आणि तारीख एवढं लिहा. मुख्य सिलिंडरात ३२ टक्के नायट्रॉक्स (३२ टक्के ऑक्सिजनची हवा) असला तरी पोनीत साधी हवाच भरलेली बरी. ३२ ची मर्यादा ऑक्सिजनच्या १.४ बार दाबाच्या हिशेबाने ३३ मीटरच्या आसपास येते, आणि पट्टी धुऊन गेली की आत काय होतं ते कोणाला आठवत नाही.

पुण्याहून गाडीने नेताना सिलिंडर डिकीत आडवा, लोळणार नाही असा अडकवा, व्हॉल्व्ह मागच्या बंपरकडे येऊ देऊ नका. मे महिन्यात उन्हात उभ्या गाडीत भरलेला ठेवू नका. विमानाने जायचं असेल तर सिलिंडर रिकामा आणि व्हॉल्व्ह काढलेला मागतात. त्यापेक्षा पोर्ट ब्लेअरला जाताना फक्त रिग, क्लिपांची दोन-तीन मापं आणि रेग्युलेटर न्या, आणि ३० किंवा ४० चा सिलिंडर भाड्याने मिळतो का हे निघण्याआधी फोन करून विचारा. परतीचंही गणित असतं. मालवणहून अंबोलीमार्गे येताना रस्ता सुमारे ७०० मीटर चढतो, आणि दिवसभरात दोन-तीन डाइव्ह केल्यावर त्याच संध्याकाळी घाट चढणं म्हणजे डाइव्हनंतर लगेच विमानात बसण्याच्या जातीचं काम आहे. एक मुक्काम करा.

घरी आल्यावर गोड्या पाण्यात भिजवा, स्नॅपच्या खिट्ट्या पाण्याखालीच वीस-पंचवीस वेळा उघडझाप करा, क्लिप सैल करून तिच्याखालचं मीठ धुवा. सिलिंडर सरळ उभा, २०-३० बार आत ठेवून, व्हॉल्व्ह बंद करून ठेवा. पूर्ण रिकामा करून उघडा ठेवला तर पुण्याच्या पावसाळ्यातली दमट हवा आत शिरते.